उतारवयांतील विमानविद्या

विमान उडविणें हें तरुणांचें काम आणि विमानाच्या प्रतिकृति उडविणें हें तर मुलांचें काम, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. त्यामुळें साठी उलटलेला एखादा गृहस्थ हातांत बिनतारी नियंत्रणपेटी घेऊन, मान वर करून माळावर उभा राहिला, तर पाहणारा प्रथम हंसतो आणि मग काळजीच्या सुरांत विचारतो, "ह्या वयांत हें काय?" श्रोतेहो, प्रश्न अगदीं योग्य आहे. त्याचें उत्तर केवळ हौसेच्या नांवाखालीं देऊन भागणार नाहीं. कारण ह्या खेळांत थोडा पैसा आहे, थोडा धोका आहे आणि वृद्ध माणसाच्या मानापमानाचाहि प्रश्न आहे. म्हणून ही विद्या आहे तरी काय, ती उतारवयांत शिकतां येते काय, आणि शिकावी तर कशी, ह्याचा आज आपण क्रमानें विचार करूं.

मी भंडारा जिल्ह्यांत आयुष्यभर शाळामास्तरकी केली. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंत; विमानशास्त्राची पदवी माझ्यापाशीं नाहीं. निवृत्तीनंतर अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्यापाशीं ही विद्या शिकत आहें, एवढाच माझा अधिकार. परंतु जो नुकताच शिकूं लागला आहे त्याला कोणती पायरी उंच वाटते, हें पुष्कळदां पंडितापेक्षां अधिक ठाऊक असतें.

प्रथम एक गैरसमज दूर करूं. विमानाची प्रतिकृति म्हणजे निव्वळ खेळणें नव्हे. मनुष्य आकाशांत जाण्यापूर्वीं त्याच्या प्रतिकृति गेल्या आहेत. इंग्लंडांत सर जॉर्ज केली ह्यांनीं १८०४ सालीं पंख व शेपूट असलेलें एक लहान तरंगतें विमान उडवून पाहिलें. पुढें १८७१ सालीं आल्फोंस पेनो ह्या फ्रेंच तरुणानें पॅरिसच्या बागेंत रबराच्या पिळावर चालणारें छोटें विमान सुमारें अकरा सेकंद हवेंत ठेवून दाखविलें. ह्याच पेनोच्या धर्तीवर बनविलेलें एक उडतें खेळणें १८७८ सालीं अमेरिकेंतील एका पित्यानें आपल्या दोन मुलांसाठीं घरीं आणलें. एक मुलगा अकरा वर्षांचा होता, दुसरा सात वर्षांचा. त्यांचीं नांवें विल्बर आणि ऑर्व्हिल राइट. पंचवीस वर्षांनीं, १९०३ सालीं, त्यांनीं काय केलें हें जगाला ठाऊक आहे.

दुरून, तारेवांचून यंत्र हांकण्याची कल्पनाहि जुनीच. निकोला टेस्ला ह्यांनीं १८९८ सालीं न्यूयॉर्क येथें पाण्याच्या हौदांत एक लहान नौका बिनतारी लहरींनीं चालवून दाखविली. हीच युक्ति विमानाच्या प्रतिकृतीला लावण्याचें काम अमेरिकेंतील वॉल्टर व विल्यम गुड ह्या बंधूंनीं १९३० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत यशस्वी केलें. आपल्या देशांत राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेंत विमानांच्या प्रतिकृति बनविण्याचें व उडविण्याचें शिक्षण छात्रांना दिलें जातें, आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतील अनेक विद्यार्थी स्वतः विमानें बांधून स्पर्धांत उतरवितात. म्हणजे हा मार्ग तरुणांसाठीं मोकळा आहे. वृद्धांसाठीं तो कोणी बंद केलेला नाहीं. फक्त त्या बाजूनें कोणी फारसें जात नाहीं, इतकेंच.

आतां ह्या यंत्राची रचना पाहूं. उडविणाऱ्याच्या हातांत एक पेटी असते. तिच्यावर दोन दांड्या असतात. दांडी हालविली कीं पेटींतून बिनतारी संदेश निघतो. विमानाच्या पोटांत तो झेलणारें लहानसें ग्राहक यंत्र असतें. तें हा संदेश सर्व्हो नांवाच्या, आगपेटीहून लहान अशा मोटारींना देतें, आणि त्या मोटारी बारीक तारांनीं विमानाच्या फळ्या वळवितात. शेपटावरील आडवी फळी, जिला एलेव्हेटर म्हणतात, ती नाक वर किंवा खालीं करते. शेपटावरील उभी फळी, म्हणजे रडर, नावेच्या सुकाणूप्रमाणें तोंड फिरविते. पंखांच्या टोकांकडील फळ्या, म्हणजे एलेरॉन, विमानाला एका कुशीवर कलतें करतात. चौथें नियंत्रण पुढील पंख्याच्या वेगाचें. नवशिक्यानें पहिल्या विमानांत एलेरॉन नसले तरी चालवून घ्यावें. तीन नियंत्रणें सांभाळणें हेंच आरंभीं पुष्कळ होतें.

पूर्वीं प्रत्येक पेटीची लहर ठरलेली असे, आणि एकाच मैदानावर दोघांची लहर एक आली तर एकाचें विमान दुसऱ्याचा हुकूम मानून खालीं येई. आजच्या पेट्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत चालतात व क्षणाक्षणाला लहर बदलीत राहतात. पेटी व ग्राहक ह्यांची आधींच ओळख करून दिलेली असल्यानें दोघेहि एकाच क्रमानें उड्या घेतात, आणि तिऱ्हाइताचा संदेश मध्यें शिरत नाहीं. लहरी बदलत राहण्याची अशीच एक योजना हेडी लामार ही चित्रपटतारका व जॉर्ज अँथील हा संगीतकार ह्या दोघांनीं मांडली होती आणि १९४२ सालीं तिचें पेटंट घेतलें होतें, हें ऐकून पुष्कळांना नवल वाटेल.

विमान कोणतें घ्यावें? येथें दुकानदाराच्या सल्ल्यापेक्षां अंकगणिताचा सल्ला मोलाचा. समजा, फोमचें एक विमान आहे. वजन ८०० ग्रॅम, पंखांचा विस्तार १३५ सेंटिमीटर आणि पंखाची रुंदी २० सेंटिमीटर. असें विमान हवेंत टिकून राहण्यास त्याला ताशीं सुमारें २५ किलोमीटर वेग लागतो. म्हणजे जोरानें हांकलेल्या सायकलीइतका. ह्याहून तें मंद झालें, तर पंखांना आधार मिळत नाहीं आणि तें एकाएकीं कोसळतें. आतां पंख तेवढेच ठेवून वजन दुप्पट केलें, तर हा किमान वेग दुप्पट होत नाहीं. तो सुमारें दीडपटीच्या किंचित् आंत, म्हणजे ३५ किलोमीटरपर्यंत जातो. तरीहि नवशिक्याच्या दृष्टीनें हा फरक मोठा आहे. म्हणून पहिलें विमान हलकें असावें, पंख शरीराच्या वर बसविलेले असावेत, आणि ते टोकांकडे किंचित् उचललेले असावेत. असें विमान दांड्या मोकळ्या सोडल्या असतां आपोआप सरळ होऊं पाहतें. लढाऊ विमानासारखें दिसणारें, सुबक, वेगवान विमान कितीहि मनांत भरलें तरी पहिल्या वर्षीं तें दुकानांतच राहूं द्यावें.

उड्डाणापूर्वीं तोल पाहणें हें दुसरें कर्तव्य. वरील मापाच्या विमानाचा तोल पंखाच्या पुढील कडेपासून पांच ते सहा सेंटिमीटर मागें यावा. दोन बोटांवर पंख टेकवून हें घरच्या घरीं पाहतां येतें. नाकाकडे जड असलेलें विमान सुस्त चालतें. शेपटाकडे जड असलेलें विमान मात्र निष्णातालाहि आवरत नाहीं.

येथवर सारें पुस्तकांतील झालें. खरी अडचण पुढेंच आहे, आणि ती तरुण व वृद्ध दोघांना सारखीच भेटते. विमान आपल्यापासून दूर जात असतां त्याचें उजवें तें आपलें उजवें. परंतु तेंच विमान वळून आपल्याकडे येऊं लागलें कीं त्याचें उजवें आपल्या डावीकडे येतें. दांडी उजवीकडे केली कीं विमान आपल्या दृष्टीनें डावीकडे जातें! मन गडबडतें, हात उलट चालतो आणि विमान जमिनीवर येतें. साठ वर्षें ज्या मेंदूनें उजव्याला उजवें म्हटलें, त्याला एका क्षणांत उलटें म्हणावयास लावणें सोपें नाहीं.

ह्यावर माझ्या तरुण गुरूनें सांगितलेला उपाय फार साधा आहे. तो म्हणाला, "गुरुजी, विमान समोरून येत असेल तेव्हां डावें-उजवें विसरून जा. कोणता पंख खालीं झुकला आहे तेवढें पाहा आणि दांडी त्याच बाजूला न्या. झुकलेल्या पंखाखालीं टेकू द्यायचा, असें समजा." विमान दूर जात असतां हा नियम लागू नाहीं; परंतु समोरून येणाऱ्या विमानाला तो अचूक लागू पडतो. कांहीं महिन्यांच्या सरावानें टेकूचाहि विचार करावा लागत नाहीं, आपण मनानें विमानांत जाऊन बसतों. मला ह्यांत शिक्षकी धंद्यांतील एक जुनें तत्त्व दिसलें. फळ्याजवळ उभें राहून मुलाचें डावें-उजवें कळत नाहीं; त्याच्या बाकावरून फळा कसा दिसतो हें ध्यानांत घ्यावें लागतें.

आतां वयाचा प्रश्न. वयपरत्वें तीन गोष्टी कमी होतात हें मान्य करून टाकावें: डोळ्यांची नजर, हाताची चपळाई आणि मनाचा तत्काळ निर्णय. ह्या तिन्हींवर उपाय आहेत. पण उणीव नाकारणाराला ते सांपडत नाहींत.

नजरेचें गणित असें. १३० सेंटिमीटर विस्ताराचें विमान १३० मीटरांवर गेलें, कीं तें हातभर अंतरावर धरलेल्या तांदळाच्या दाण्याएवढें दिसतें. धानाच्या जिल्ह्यांत राहणाऱ्यांना ही उपमा समजावून सांगावयास नको. दाणा दिसतो, पण त्याची पाठ आपल्याकडे आहे कीं पोट, हें कळत नाहीं. म्हणून वृद्ध शिकाऊनें विमान शंभर मीटरांच्या फार पलीकडे जाऊं देऊं नये. पंखांच्या वरच्या व खालच्या बाजूंना भिन्न, ठळक रंग द्यावेत. दुहेरी भिंगाच्या चष्म्यांतून वर पाहतांना अडचण होते. त्याकरितां केवळ दूरचें दिसणारा साधा चष्मा वेगळा करून घ्यावा. सूर्य नेहमीं पाठीशीं ठेवावा.

हाताच्या मंदपणाचें गणितहि पाहा. शिकाऊ विमान सेकंदाला सुमारें बारा मीटर जातें. निर्णयाला एक सेकंद उशीर झाला, तर बारा मीटर गेले. विमान दहा मीटर उंचीवर असेल तर तेवढ्यांत खेळ संपतो; साठ मीटर उंचीवर असेल तर सुधारणा करण्यास अवसर राहतो. तेव्हां चपळाई विकत मिळत नसली तरी उंची फुकट मिळते. आणखी असें कीं, पुष्कळसे अपघात उशिरा हालचाल केल्यानें होत नाहींत. घाईघाईनें, जरुरीपेक्षां अधिक हालचाल केल्यानें होतात. ह्या बाबतींत वडीलधाऱ्यांचा संथपणा दोष न ठरतां गुण ठरतो.

प्रत्यक्ष विमानाला हात लावण्यापूर्वीं संगणकावर उड्डाणाचा आभास निर्माण करणारा कार्यक्रम मिळतो, त्यावर सराव करावा. तीच पेटी दोरीनें संगणकाला जोडतां येते. तेथें विमान शंभरदां पडलें तरी दमडी खर्च होत नाहीं. रोज पंधरा मिनिटें, निदान दोन महिने, हा पाठ गिरवावा. तासन् तास बसूं नये. थकलेला मेंदू चुकीची संवय पक्की करतो. त्यानंतर मैदानावर गुरु-शिष्यांच्या दोन पेट्या जोडून शिकावें. अशा जोडणींत विमान शिष्य चालवितो, पण गुरूनें एक कळ सोडली कीं सूत्रें तत्काळ गुरूच्या हातीं जातात. हल्लीं विमानाला आपोआप सरळ ठेवणारें स्थिरक यंत्रहि मिळतें. त्याचा उपयोग करण्यांत कमीपणा नाहीं. मात्र तें बंद करूनहि उडवितां आलें पाहिजे. ज्यांचे हात विशेष कांपतात त्यांनीं दांडी केवळ अंगठ्यानें न हालवितां अंगठा व तर्जनी ह्यांच्या चिमटींत धरावी. चक्कर येण्याची खोड असलेल्यांनीं, किंवा ज्यांच्या छातींत हृदयाची गति सांभाळणारें यंत्र बसविलेलें आहे त्यांनीं, वैद्याचा सल्ला घेतल्यावांचून ह्या वाटेस जाऊं नये.

जागा व ऋतु ह्यांचा विचार आमच्या जिल्ह्यापुरता सांगतों. इतरांनीं तो आपल्या मुलुखाला लावून घ्यावा. आमच्याकडे पावसाळ्यांत रोवणीनें भरलेल्या बांध्या असतात, तेव्हां विमान उतरविण्यास कोरडी जागा मिळत नाहीं. वैशाखांत ऊन्ह असें असतें कीं माणूस, विमानाचा गोंद आणि विद्युत्घट तिन्ही त्रासतात. उत्तम काळ म्हणजे धान कापल्यानंतरचा हिंवाळा. त्यांतहि सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास. तेव्हां वारा निजलेला असतो. परंतु कापलेली बांधी रिकामी दिसली तरी ती रिकामी असेलच असें नाहीं. उभ्या धानांतच लाखोळी किंवा जवस पेरण्याची आमच्याकडे रीत आहे; त्यामुळें धसकटांमध्यें दुसरें पीक मूकपणें वाढत असतें. शेतमालकाची परवानगी घेतल्याशिवाय पाऊल टाकूं नये, आणि पडलेलें विमान आणावयासहि धुऱ्यावरूनच जावें. शेतपंपांच्या विजेच्या तारा, बैलगाडीची वाट व शाळेचें मैदान ह्यांपासून दूर राहावें.

तसेंच, हा तलावांचा जिल्हा आहे. जुन्या मालगुजारी तलावांवर हिंवाळ्यांत पाहुणे पक्षी उतरतात. मोकळें पाणी पाहून तेथें विमान उडविण्याचा मोह होतो. तो टाळावा. हजारों कोस उडून आलेल्या जीवांना आपल्या करमणुकीसाठीं पुन्हा उठविणें हें सुसंस्कृत माणसाला शोभत नाहीं.

आतां धोक्याविषयीं स्पष्ट बोललें पाहिजे. ८०० ग्रॅमचें विमान सेकंदाला पंधरा मीटर वेगानें कोणाला लागलें, तर तो आघात एक किलोचें वजन तीन मजली घराच्या गच्चीवरून पडावें इतका असतो. फोम मऊ असल्यानें मार कांहींसा कमी होतो. पण पुढचा पंखा मिनिटाला हजारों फेरे फिरतो आणि तो बोटाची गय करीत नाहीं. म्हणून विद्युत्घट जोडतांच विमान सजीव झालें असें मानावें, पंख्याच्या रेषेंत कोणी उभें राहूं नये, आणि प्रेक्षकांच्या, विशेषतः मुलांच्या, डोक्यावरून विमान कधींहि नेऊं नये. संदेश तुटला तर पंखा आपोआप थांबावा अशी व्यवस्था पेटींत करतां येते. ती उड्डाणापूर्वीं पारखून घ्यावी. फळ्या योग्य दिशेला वळतात कीं नाहीं हेंहि प्रत्येक वेळीं पाहावें.

विद्युत्घट लिथियमचे असतात. त्यांतील प्रत्येक कोठी पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट दाखविते. ठेवून द्यावयाची असल्यास ती ३.८ च्या आसपास ठेवावी. घट भरीत असतां घर सोडून जाऊं नये, लाकडी कपाटांत तो भरूं नये, आणि फुगलेला घट पुन्हा वापरूं नये. त्यानें पेट घेतल्यास तो विझविणें कठीण. उन्हांत उभ्या केलेल्या मोटारींत तर तो मुळींच ठेवूं नये.

कायद्याचाहि प्रश्न आहे. २०२१ सालचे ड्रोन नियम केवळ चार पंख्यांच्या यंत्रांना लागू नाहींत. विमानाच्या आकाराच्या प्रतिकृतिहि त्यांत येतात. दोन किलोपर्यंतचें यंत्र व्यापारासाठीं न वापरतां उडविणाऱ्यास वैमानिकाचा परवाना लागत नाहीं. परंतु नकाशावरील हिरव्या क्षेत्रांतच, साधारणतः ४०० फुटांच्या आंत आणि डोळ्यांना दिसेल इतक्याच अंतरावर उडवावें लागतें. नियम वेळोवेळीं बदलतात; म्हणून नोंदणीविषयींचे नियम व नकाशा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पाहूनच मैदान ठरवावें. आमच्या जिल्ह्यांत जवाहरनगर येथें आयुधनिर्माणी आहे. अशा स्थळांच्या जवळपास ही हौस करण्याचा विचारहि करूं नये. शेजारचा गोंदिया १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यांतच होता. तेथील बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळांतील. तिच्यावर पुढें वैमानिकांचें शिक्षण सुरू झालें. खरें विमान आकाशांत दिसलें अथवा ऐकूं आलें, कीं आपलें विमान तत्काळ खालीं आणावें. त्यांत माणूस बसलेला असतो, हें विसरूं नये.

इतकी यातायात कशासाठीं, असें आतां कोणी विचारील. ह्याचें माझें उत्तर असें. निवृत्त माणसाला, आणि विशेषतः निवृत्त शिक्षकाला, एक सूक्ष्म रोग जडतो. गांवांत सारे त्याला नमस्कार करतात, त्याचें म्हणणें ऐकून घेतात, पण त्याची चूक दाखवीत नाहींत. ज्यानें आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या, त्याची वही तपासणारें कोणी उरत नाहीं. हळूहळू तो नवें शिकण्याचें सोडतो आणि तेंच तेंच बोलूं लागतो. विमान मात्र कोणाचा मुलाहिजा ठेवीत नाहीं. हात चुकला कीं तें पडतें. बरोबर चालला कीं उडतें. वीस वर्षांचा मुलगा सत्तरीकडे झुकलेल्या माणसाला "पुन्हा करा" म्हणतो आणि तो पुन्हा करतो, ह्यांत अपमान नाहीं. उलट मनाचें आरोग्य आहे. दुसऱ्या कोणाला हेंच तबल्यांत किंवा परकी भाषेंत मिळेल. माझा आग्रह विमानाचा नसून शिष्यत्वाचा आहे.

घरच्या मंडळींनाहि दोन शब्द सांगावेसे वाटतात. वडील असें कांहीं शिकूं लागले, तर हंसून त्यांना घरीं बसवूं नका. आणि कौतुकाच्या भरांत एकटेहि मैदानावर पाठवूं नका. कोणीतरी बरोबर जावें, आसपास माणसें आलीं कीं सांगावें, पाण्याची बाटली व टोपी न्यावी. नातवंड बरोबर गेलें तर फारच उत्तम. आणि शिकणाऱ्यानेंहि थांबण्याची खूण आधींच ठरवून ठेवावी. विमान येत आहे कीं जात आहे हें सलग दोन-तीन सकाळीं डोळ्यांना ओळखूं येईनासें झालें, म्हणजे पेटी धाकट्याच्या हातीं द्यावी आणि आपण त्याच्या शेजारीं उभें राहून वारा कोठून येतो तें सांगावें. तें कामहि कमी महत्त्वाचें नाहीं. परंतु तो दिवस येईपर्यंत, ज्यांची नजर, पाय आणि जिज्ञासा शाबूत आहे अशा वडीलधाऱ्यांनीं ह्या हिंवाळ्यांत संगणकावरील पहिला पाठ गिरविण्यास हरकत नाहीं.